रुखवतातलं विमान

रुखवत म्हणजे पोरीच्या हातचं. शेवया, कुरडया, मण्यांचं तोरण, रंगीत दोऱ्यानं भरलेला पोपट. पोरीनं डोळे फोडून केलेलं सारं नवरदेवाकडच्या बायायनं पाहावं, नाकं मुरडावी अन् गाडीत भरून न्यावं, अशी रीत आहे. आमच्या ललिताच्या रुखवतावर पोपटाच्या बाजूले विमान होतं. कोणं ठेवलं? तिच्या बापानं.

आमचे हे, म्हणजे खुशालराव, अकोल्यात जिनिंगमध्ये कारकून. जन्मात विमानात बसले नाईत. पण यायचा मावसभाऊ मुंबईले जहाजावर होता, तो दर खेपेले एक खोका धाडे. खोक्यात प्लास्टिकचे तुकडे. सुट्टीच्या दिवशी हे चटईवर बसत, चिमट्यानं एकेक तुकडा उचलत अन् वास मारणाऱ्या गोंदानं जोडत. पंखा लावायचा नाई, तुकडे उडतात म्हणे. मे महिन्यात, अकोल्यात! फोडणी द्यायची नाई, धूर बसते म्हणे. लोखंडी पेटीले लावायचा चांदी रंग यायनं विमानाले लावला. हे चार पंख्यांचं अन् तीन शेपट्यांचं, सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं.

"अवं, आता जेट आले. हे म्हातारं झालं. याले जपलं पाह्यजे," हे सांगत.

मी म्हणलं, घरात तुमची मायही म्हातारी आहे, तिलेही जपा.

तर लग्नात यायले हुक्की आली. जरासं पाहू दे मंडळीले म्हणून विमान नेऊन रुखवतावर ठेवलं. रुखवतावर गेलेली वस्तू माघारी येत नाई, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरीलेही समजते. यायले नाई समजलं. पाठवणीच्या वेळेले ललिता रडली, मी रडली, अन् हे आमच्याहून जास्त रडले. बाया म्हणाल्या, बापाचा जीव कसा तुटून राहिला. मी पाहलं त यायची नजर चतुराबाईच्या मांडीवर. चतुराबाई म्हणजे आमची इहीन, ललिताची सासू. ती विमान मांडीवर घेऊन अकोटच्या मोटारीत बसली होती.

अकोटले त कहरच झाला. इवायानं, म्हणजे ललिताच्या सासऱ्यानं, पंजाबरावनं, विमान बैठकीत चौरंगावर मांडलं. सुनेच्या बापानं विमान दिलं, अशी गावभर बोंब झाली अन् लोक पाहाले येऊ लागले. पंजाबराव सगळ्यायले चहा पाजे. चतुराबाईनं विमानाच्या नाकाले कुंकू लावलं अन् त्याले धाकटी सून म्हणू लागली. मोठी भाकरी टाकते, धाकटी बैठकीत बसून राह्यते. आमच्या पोरीच्या नशिबी सवत नव्हती, जाऊ आली, तीही प्लास्टिकची.

मले दिवाळीची आस होती. पहिली दिवाळी पोरगी माहेरीच करते. मी करंज्या तळल्या, नवं लुगडं घेतलं, ते यायच्या हाती देऊन यायले अकोटले तिले आणायले धाडलं. दारातच बजावलं, "लेकीले आणा. विमानाचं नाव काढलं त घरात घेणार नाई."

हे आले त मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. टांग्यातून हे उतरले. कडेवर विमान, त्याले माह्या लेकीचं नवं लुगडं गुंडाळलेलं, वर ओटीचा नारळ. टांग्यात दुसरं कोणी नाई.

"लेक कोठी आहे?"

"इवाई म्हणाले, दोघी एकदम नेल्या त दिवाळीत घर ओकंबोकं दिसन. एक न्या."

"अन् तुमी हे आणलं?"

"मी ललिताचाच हात धरला होता, देवाशप्पथ. तिनंच सोडवला. म्हणे, बाबा, याले न्या. याचं चाक निघालं, पोट्टे याले ओढतात. मले तोंड आहे, मी बोलीन. हे कोणाले सांगन?" यायनं विमानावरचं लुगडं सारखं केलं. "अन् म्हणे, आईले सांगा, मले न्हाऊ घालते तसं याले न्हाऊ घालजो."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. आमच्या व्याह्यानं विमान धाडलं. मी भाकरतुकडा टांग्याच्या घोड्याले घातला अन् यायच्याशी बोलणं सोडलं. मले एवढं वाईट लग्नातही वाटलं नव्हतं.

पण पोरीचा निरोप कसा मोडू? नरकचतुर्दशीले बंब पेटवला. पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, विमान पाटावर बसवलं अन् तेल-उटणं लावलं. मले वाटलं, आता हे ओरडतील. पण हे शेपटी धरून बसले, लेकराचं डोकं धरावं तसं. ऊन पाण्यानं पंखावरची अक्षरं सुटली अन् पाटाखालच्या पाण्यात तरंगू लागली. खालून धुताना मले ते चाक लागलं. लाल दोऱ्यानं बांधलं होतं. पोपटाच्या चोचीचा दोरा, अन् गाठ मी शिकवलेली.

मी पदरानं विमान पुसलं अन् पदरानंच डोळे पुसले. हे गोंद घेऊन आले.

"चाकाले हात लावाल त पाहा," मी म्हणलं.

पाडव्याच्या सकाळी विमान काखेत मारलं अन् अकोटची एसटी धरली. विमान चतुराबाईच्या चौरंगावर ठेवलं.

"धाकटीचं माहेरपण झालं, इहीनबाई. आता मोठीले धाडा. घर काई ओकंबोकं नाई दिसत."

चतुराबाईनं पंजाबरावाकडं पाहलं. 'एक न्या' हा त्यायचाच नेम, त्यायले मोडता येईना. तिनं आवाज दिला अन् ललिता आतून आली, हाताले पीठ. माह्याकडं पाहाच्या आधी तिनं वाकून विमानाचं चाक पाहलं.

बापाचीच लेक. मी तिले तशीच, पिठाच्या हातानं, गाडीत बसवली.