मिस्टर केटल जिंकला तेव्हा

मे महिन्यातल्या सुट्टीच्या सोमवारी कॉर्वेलच्या मैदानावर अडथळ्यांच्या शर्यती असतात. पहिल्या शर्यतीआधी बिअरच्या तंबूत, उलट्या ठेवलेल्या पेटीवर उभं राहून दिवसभराचे घोडे लोकांना समजावून सांगायचं काम माझं. मी विल्फ गार्बेट. जिल्ह्याच्या पेपरात दर शुक्रवारी कोण जिंकेल ते लिहितो. लोक मला शिव्या देतात आणि तरीही वाचतात. उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणा हवं तर. मी शेवटचा घोड्यावर बसलो होतो तेव्हा घोडाही पडला होता आणि मीही.

त्या सोमवारी ऊन लख्ख होतं आणि जमीन दगडासारखी टणक. तंबू भरला होता. मी घसा ओला करून सुरुवात केली.

"पहिल्या शर्यतीत डॅन्सिंग ड्यूक. अडथळ्यावरून मांजरासारखा जातो. पण त्याच्या जॉकीने आज सकाळी माझ्यासमोर तळलेल्या सॉसेजवर ताव मारलाय, तेव्हा तो वजनकाट्यावरून उतरेपर्यंत पैसे खिशातच ठेवा."

"तूच दिलेस त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दुसरी तीन मैलांची, मोठ्या कुंपणांची. कर्नल्स ऑर्डर सगळ्यांच्या तोंडी आहे. असू दे. टणक जमिनीवर तो पाय आखडतो, सासुरवाडीला निघाल्यासारखा चालतो. मी मेरी बेलवर लावतोय. तिला घाई नाही, पण ती पडत नाही. आता तिसरी, विक्रीची शर्यत."

विक्रीच्या शर्यतीत जो घोडा जिंकतो त्याला तिथल्या तिथे, घाम पुसायच्या आत, रिंगणात लिलावाला उभं करतात. मालकाला तो परत हवा असेल तर त्यानेही बोली लावायची. कुणीच बोली लावली नाही, तर घोडा मालकाबरोबर घरी जातो. म्हणून या शर्यतीत आपलं लाडकं जनावर कुणी उतरवत नाही. उतरतात ते नको झालेले घोडे.

आणि तरीही त्या दिवशी त्यात मिस्टर केटल होता.

हा घोडा माझा मित्र क्लेम बेडोझचा. म्हणजे कागदावर क्लेमचा, खरा त्याच्या पोरीचा, हेस्टरचा. जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली. हेस्टर तेव्हा शाळेत होती. तिने त्याला स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवून बाटलीने दूध पाजलं. बारा वर्षांचा झाला तरी दार उघडं दिसलं की तो पुढचे दोन पाय आत टाकायचा. शर्यतीत मात्र कधी जिंकला नाही. एकदाही नाही. पळायचा, उड्या नीट मारायचा आणि बाकीच्यांना पुढे जाऊ द्यायचा, चर्चच्या दारात लोक 'आधी तुम्ही' म्हणत थांबतात तसा.

हेस्टरला हौशी जॉकीचा परवाना त्याच वर्षी मिळाला. केटल आता निवृत्त व्हायचा, त्याआधी एकदा आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर त्याला पळवायचं एवढीच तिची इच्छा. पण त्याला घेईल अशी त्या दिवशीची शर्यत एकच, विक्रीची. क्लेम माझ्याकडे विचारायला आला होता. मी म्हटलं, "बिनधास्त उतरव. यात सिल्व्हर थिंबल आहे, शिवाय आणखी दोघं त्याच्याहून वेगवान. तुझा केटल जिंकला तर मी माझी टोपी खाईन."

तंबूतही मी तेच सांगितलं, जरा मीठमसाला लावून.

"सिल्व्हर थिंबल जिंकणार, डोळे मिटून. दुसरा ऑर्चर्ड लॅड. राहता राहिला आमचा मिस्टर केटल. मंडळी, त्याच्यावर पैसे लावण्यापेक्षा त्याला सँडविच द्या, निदान तो तुमच्याकडे बघेल तरी. आज तो फिरायला आलाय. देखावा बघेल, चार ओळखीच्या लोकांना मान डोलवेल आणि चहाच्या वेळेला घरी जाईल."

तंबू खदाखदा हसला. सगळ्यात मोठ्याने हसत होती हेस्टर, बापाच्या जुन्या हिरव्या-पांढऱ्या रंगाचा शर्ट घालून.

"काका, त्याला ऐकू येतं हं!" ती ओरडली.

"मग त्याला सांग, मनावर घेऊ नकोस."

पहिल्या दोन शर्यतींत काय झालं ते आता मला आठवतही नाही. तिसरी सुरू झाली तेव्हा क्लेम आणि मी कठड्याला टेकून उभे होतो. केटल पाचवा होता, मग चौथा. हेस्टर छान बसली होती, हात शांत. क्लेमच्या चेहऱ्यावर असं हसू मी त्याच्या लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

शेवटच्या अडथळ्याला सिल्व्हर थिंबल आणि ऑर्चर्ड लॅड बरोबरीने आले. थिंबल उडी मारताना डावीकडे सरकला, लॅडच्या खांद्याला घासला, आणि दोघेही कोसळले. तिसरा घोडा त्यांना चुकवायला गेला तो थेट मैदानाबाहेर. हे सगळं पापणी लवेपर्यंत. त्या गोंधळातून मिस्टर केटल आला, अडथळा सवयीने ओलांडला, आणि त्याच्या पुढे कुणीच नव्हतं.

लोक ओरडायला लागले. आपल्या गावची पोर, आपल्या गावचा घोडा! मला मात्र लिलाव आठवला. मी क्लेमकडे पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

मागून एक करडी घोडी जोर करून येत होती. हेस्टरने नुसता लगाम जरा आवळला असता तरी ती घोडी पुढे निघून गेली असती. पंचांनाही कळलं नसतं, दमलेला घोडा होता. मी मनात म्हणत होतो, पोरी, धर. धर त्याला. हेस्टरने मागे वळून पाहिलं, घोडीही पाहिली. मग ती केटलच्या मानेवर वाकली आणि तिने त्याला सोडला.

मान लांब करून तो जिंकला. मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

रिंगणात ती उतरली तेव्हा क्लेम तिच्यावर तुटून पडला. "काय केलंस हे? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

"बाबा, त्याने कान टवकारले होते." ती रडत होती आणि हसतही होती. "बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर कुणी नव्हतं. त्याला कळलं होतं, बाबा. मी त्याला कसं थांबवू?"

"आता लिलाव होईल. तुला कळतंय का?"

"कळतंय," ती म्हणाली, आणि तेव्हा तिचं हसू गेलं. ती खोगीर घेऊन वजन करायला वजनाच्या खोलीत गेली.

क्लेमने मला बाजूला ओढलं. "विल्फ, तू उभा राहा. मी बोली लावली तर सगळ्यांना कळेल माझा जीव अडकलाय, आणि ते मला पिळून काढतील. पण ऐक. आपणहून सुरुवात करायची नाही. या म्हाताऱ्याला कोण घेणार? कुणी बोललंच नाही तर तो फुकट घरी येईल. कुणी दुसऱ्याने बोली लावली तरच तू लाव."

"कळलं."

"नाहीतर हात खिशात."

"कळलं रे बाबा."

लिलाव पुकारायला म्हातारा यॅप आला. त्याने केटलची वंशावळ वाचली, वय वाचलं, आणि लोक जरा हसले. "चला मंडळी, कोण सुरुवात करतं?"

कुणीच नाही. यॅपने किंमत खाली आणली. तरी कुणी नाही. एक बाई आपल्या कुत्र्याला आइस्क्रीम चारत होती. माझ्या जिवात जीव येऊ लागला.

"शेवटचं विचारतो," यॅप म्हणाला.

रिंगणाच्या पलीकडे उंटाच्या रंगाचा कोट घातलेला एक परका माणूस उभा होता. असा कोट आमच्याकडे कुणी घालत नाही. दक्षिणेकडचा, घोडे घेणारा-विकणारा वाटत होता. त्याने हातातलं शर्यतीचं कार्ड वर केलं. यॅपचं तोंड त्याच्याकडेच होतं. माझी पाचावर धारण बसली. आता यॅप हातोडा आपटेल आणि गेला घोडा, असं वाटून मी हात उंच केला.

"विल्फ गार्बेटची बोली!" यॅप गरजला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

त्या माणसाने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्याने मान हलवली. मी हलवली. त्याने हलवली. क्लेम माझ्या पाठीशी उभा राहून माझी बाही धरून होता. "अजून," तो कुजबुजायचा. "अजून." आकडा चढत गेला. या शर्यतीत एवढा आकडा मी कधी ऐकला नव्हता. लोक बोलायचे थांबले. "अजून," क्लेम म्हणाला. कोट घातलेल्या माणसाने परत मान हलवली, अगदी सहज, चहात साखर मागावी तशी.

मी वाट पाहिली. बाहीवरचा हात सुटला.

हातोडा पडला. हेस्टर तोवर बाहेर येऊन केटलजवळ उभी राहिली होती. ती लगाम धरून त्याला परक्या माणसाच्या गाडीकडे घेऊन गेली, कारण दुसऱ्या कुणाबरोबर तो गाडीत चढला नसता.

मी त्या माणसाला गाठलं. टॅरंट त्याचं नाव. क्लेमही माझ्यामागे आला. मी म्हटलं, "साहेब, तुमची फसगत झालीय. हा घोडा संपलाय. पुढचे दोघं पडले म्हणून जिंकला. तुम्ही दिलेल्या किमतीत तुम्हाला तीन चांगले मिळतील. हा आम्हाला परत द्या."

टॅरंट हसला. "गार्बेट, सकाळी मी तंबूत होतो. बाकीच्या घोड्यांचं तुम्ही दोन वाक्यांत आटोपलंत, आणि याची मात्र एवढी टिंगल. सँडविच द्या म्हणे! मग तो जिंकतो काय, आणि लिलावात सगळ्यात आधी हात तुमचाच वर जातो काय. मी काय दूधखुळा आहे?"

"अहो, खरं सांगतोय. पोरीने बाटलीवर वाढवलाय तो. घरचा आहे."

"असेल की. जेवढं गयावया कराल तेवढा मला तो जास्त आवडेल."

"वाटेल ते घ्या," क्लेम म्हणाला. "दुभत्या गायी देतो."

टॅरंटचे डोळे चमकले. "गायी? म्हणजे मला वाटलं त्याहून चांगला आहे तर." त्याने क्लेमच्या खांद्यावर थोपटलं. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"आणि सुरुवात मी नाही केली," मी म्हणालो. "तुम्ही केलीत. तुम्ही कार्ड वर केलंत."

"कार्ड?" त्याने भुवया उंचावल्या. "कोणतं कार्ड? हे? अहो, ऊन डोळ्यांत येत होतं. मी तर पुढच्या शर्यतीतली एक घोडी बघायला आलो होतो. तुमचा हात वर गेला तेव्हा मी पहिल्यांदा त्या घोड्याकडे नीट पाहिलं."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे कावळा बसलाही नव्हता, फांदी मीच मोडली होती. यॅपने शेवटचं विचारलं होतं. आणखी एक श्वास हात खिशात ठेवला असता, तर मिस्टर केटल आत्ता क्लेमच्या गाडीत असता.

टॅरंट टोपीला हात लावून निघून गेला. क्लेम माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात हेस्टर आली. गाडीच्या मागच्या दाराची कडी लावून आली होती. तळहातांना गंज लागला होता. डोळे सुजले होते. टॅरंट काय म्हणाला ते तिने ऐकलं नव्हतं. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिने माझा हात, तोच हात, दोन्ही हातांत धरला.

"काका, मी खिडकीतून बघत होते," ती म्हणाली. "एवढ्या माणसांत त्याच्यासाठी हात वर करणारे तुम्ही पहिले. हे मी जन्मभर विसरणार नाही."

मी क्लेमकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, मग मिटलं.

"चल पोरी," तो म्हणाला. "गायींच्या धारा काढायच्या राहिल्यात."