मनोऱ्यात अडकलेला झेर्मा

गाईडची परीक्षा मी पास झालो. शंभरपैकी एक्काहत्तर.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. परीक्षेला मी अजून बसायचाय, नायजरमधल्या आगादेझ गावात सकाळचे सात वाजलेत आणि माझा मामा अत्ताहेर मोठ्या मशिदीच्या चौकात गाढव धरून उभा आहे. गाढव माझ्यासाठी आहे. मी दोनदा नापास झालोय. तिसऱ्यांदा झालो, तर पर्यटन कचेरीच्या नियमाप्रमाणे पुन्हा बसता येत नाही, आणि मामाच्या नियमाप्रमाणे त्याच्या मळ्यात जन्मभर कांदे खुरपावे लागतात.

"घाई नाही," मामा म्हणाला. "सावकाश नापास हो. गाढवानं खाऊन घेतलंय."

परीक्षा तशी सोपी. परीक्षकालाच पाहुणा समजून गाव दाखवायचं. इतिहासाला साठ गुण, अदबीला चाळीस.

परीक्षक राजधानीहून, नियामेहून आले होते. उंच, रुंद, कडक इस्त्रीचा झगा, बगलेत फॉर्म. "सेनी हमानी," ते म्हणाले. "मूळचा डोस्सोचा."

डोस्सोचा म्हणजे झेर्मा, आणि मी तुआरेग. आमच्या दोन जमातींचं थट्टेचं नातं. भेटल्या भेटल्या एकमेकांचा उद्धार करायचा, जो चिडला तो हरला. झेर्माशी अदबीनं बोलणं म्हणजे 'तू माझा कुणी लागत नाहीस' असं तोंडावर सांगणं. अदब सोडली तर चाळीस गुण जाणार, धरली तर नातं.

मी मधला मार्ग काढला. "या साहेब, आपलं स्वागत आहे. आजोबांचा हरवलेला उंट शेवटी आपल्या पायांनी घरी आला म्हणायचा."

साहेबांचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. "तुझे आजोबा आमच्याकडे पाणी भरायचे," ते म्हणाले. "अर्धं सांडायचे. चल पुढे."

सुलतानाच्या महालासमोर मी साल सांगितलं. चुकलं.

"शंभर वर्षांनी चुकलास," साहेब म्हणाले. "तुआरेगाला घड्याळ दिलं की तो त्यात चहा उकळतो."

"पण पाजतो तरी, साहेब. झेर्माकडे पाहुणा आला की भांडी लपतात."

"लपत नाहीत. तुम्ही येऊन गेलात की उरत नाहीत."

पुन्हा फॉर्म. पुन्हा काहीतरी लिहिलं.

चांदीकाम करणाऱ्यांच्या गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली होती. एका म्हाताऱ्या कारागिरानं हातातला तराजू उचलून साहेबांकडे पाहिलं आणि खाली ठेवला. "मोडीत घालायचा असेल तर मोठा तराजू आणावा लागेल," तो म्हणाला. मशिदीकडे परत वळलो तेव्हा आमच्या मागे चाळीसेक माणसं होती. इतका इस्त्रीचा झेर्मा गावात बरेच दिवस आला नव्हता, आणि प्रत्येकाकडे काही ना काही साठलेलं होतं.

मशिदीच्या मनोऱ्याचा मातीचा जिना वर जावं तसा अरुंद होत जातो. शेवटी माणसाला कुशीवर सरकावं लागतं. मी म्हणायला हवं होतं, "साहेब, इथूनच बघू." मी म्हणालो, "झेर्माच्या पोटाला हे जमायचं नाही."

हे ऐकून खाली थांबणारा झेर्मा अजून जन्मलेला नाही.

मी वर पोचलो. साहेब तीन पायऱ्या खाली कमरेत अडकले. ते जिन्यात बूच, मी बाटलीत.

खालून मनोऱ्याचे राखणदार मालम गाम्बो ओरडले, "दुपारच्या नमाजाआधी जिना मोकळा पाहिजे."

मी खिडकीतून डोकं काढलं. "झेर्मा अडकलाय."

चौकानं ते मला दोनदा म्हणायला लावलं. इतकं सुख एकदम झेपत नाही. मग कुणीतरी विचारलं, "कितीला देतोस?"

"एक बोकड," एकजण म्हणाला.

"अर्धा. पाय राहू देत मनोऱ्यालाच."

"एक कांदा," मामा म्हणाला.

जिन्यातून साहेबांचा शांत आवाज आला. "केवढा, विचार."

विचारलं. मध्यम.

"दोन बोकडांखाली मी निघत नाही म्हणून सांग. आणि हा माणूस सकाळपासून गाढव घेऊन का उभाय?"

"माझा मामा आहे, साहेब. मी नापास झालो की मला कांदे खुरपायला नेणार."

"आणि पास झालास तर?"

मी खाली विचारलं. मामानं गाढवाकडे पाहिलं, मनोऱ्याकडे पाहिलं. "मग झेर्माला नेईन. गाढव रिकामं जात नाही."

"म्हणजे," साहेब म्हणाले, "माझ्या सहीवर आपल्या दोघांपैकी एकजण कांद्यात."

"हो, साहेब."

भिंत हलल्यासारखं वाटलं. साहेब हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता छातीतली हवा संपली, पोट आत गेलं, आणि परीक्षक पाठीवर घसरत जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेले.

खाली त्यांनी झग्यावरची माती झटकली आणि फॉर्म भरला. इतिहास, साठपैकी एकतीस. अदब, चाळीसपैकी चाळीस.

"अदब?" मी विचारलं.

"अठरा वर्षं परीक्षा घेतोय. इथली पोरं 'आपण बसावं, आपण घ्यावं' करतात. रात्री जेवण जात नाही मला." मग ते गाढवावर बसले. "चल कांदेवाल्या, बसस्टँडपर्यंत ने. तेवढाच तुझा शब्द राहील."

परवान्यावर मात्र खाली शेरा होता: 'जिना रुंद होईपर्यंत सदर गाईडने कोणत्याही झेर्मास मनोऱ्यावर नेऊ नये.' म्हणून हा अर्ज.

मा. प्रमुख, पर्यटन कचेरी, यांस. विषय: जिना रुंद करणेबाबत. महोदय, उपरोक्त मनोरा सुमारे पाचशे वर्षांचा असून (साल चुकले असल्यास क्षमा असावी) त्याचा जिना एक झेर्मा, आकार मोठा, इतका रुंद करून मिळावा. ते शक्य नसल्यास समस्त झेर्मांना तितकेच अरुंद करून मिळावे. दोहोंपैकी जे स्वस्त पडेल ते येत्या मोसमापूर्वी करावे, ही नम्र विनंती. सोबत: झग्याचे माप.