देव नव्हे, धुण्याचा दगड

मी धुण्याचा दगड बोलतोय. धुण्याचा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मध्यंतरी लोकांनी माझा देव करून टाकला होता. त्या नादात एक अख्खी बाग जाता जाता वाचली. कशी, ते ऐका.

जन्म माझा दुधनीकडच्या माळावरचा. रंगाने काळा, पाठीने सपाट. मायाप्पा तिकडे मेंढरं राखायचा आणि दुपारी माझ्यावर बसून भाकरी खायचा. पुढे चारा मिळेना, मेंढरं विकली, आणि बायको केराबाईला घेऊन तो सोलापुरात भवानी पेठेत आला, चादरीच्या कारखान्यात लागला. बिऱ्हाडाच्या टेम्पोत त्याने मलाही चढवलं. शहरात काय दगड मिळत नाहीत, म्हणून केराबाई लई बोलली त्याला. बायकोची बोलणी खाऊन आणलेला दगड आहे मी, थोडा ताठा असणारच.

घरामागे राडारोड्याची मोकळी जागा होती. तिथे मला बसवून केराबाईने धुणं सुरू केलं. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी. धुण्याचं पाणी गटारात सोडायला तिचा जीव होईना, म्हणून तिने माझ्या पायाशी पाट काढला. पाटाच्या कडेला आधी कर्दळ आली, मग अळू, केळ, लिंबू, शेवटी पारिजातक. फुकटचं श्रेय मी घेत नाही, पण ती बाग माझ्या अंगावरून वाहिलेल्या पाण्यावर वाढली.

यंदा झाडांची आवड असणाऱ्या मंडळींनी ठरवलं की घरोघरच्या बागा दर रविवारी लोकांना बघायला खुल्या ठेवायच्या. केराबाईची मुलगी सुकन्या, तिने आईचं नाव दिलं. आमच्या परड्यात कोण येणार, असं केराबाई म्हणत राहिली, आणि पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पान न् पान पुसून बसली. सुकन्याने हौसेने मला घासलं, भोवती रांगोळी काढली आणि डोक्यावर लाल जास्वंद ठेवलं. शोभा म्हणून हो, दुसरं काही नाही. पण घोळ झाला तो तिथेच.

पलीकडच्या गल्लीतली गोजरबाई सगळ्यांत आधी आली. पेठेत तिचा शब्द चालतो. काळा दगड, रांगोळी, वर जास्वंद! तिने चपला काढल्या, डोकं टेकलं आणि कुंकवाचं बोट माझ्यावर ओढलं. मला कपाळ आहे, हे मला तेव्हा कळलं. मागच्या बाईने काही विचारलं नाही, तिनेही हात जोडले. पुढच्या रविवारी उदबत्त्या आणि नारळ. झाडांकडे कोण बघतंय? सगळी रांग माझ्यासमोर.

मला ते मुळीच मानवलं नाही. पण खरा घात पुढेच होता. कुंकू लागलेल्या दगडावर कपडे आपटायला केराबाईचा हात धजेना. मायाप्पाला विचारलं तर तो हळूच म्हणाला, "आपला बिरुदेवबी दगुडच हाय की." झालं. धुणं मोरीत गेलं, पाणी गटारात गेलं. पाट सुकला. अळूने माना टाकल्या, केळीची पानं कडेने करपली. मी समोर बसून बघत होतो आणि नुसता जळत होतो.

त्यात गोजरबाईने कट्टा बांधायचा घाट घातला. वर पत्रा टाकायचा, लिंबू आणि पारिजातक आड येतात ते काढायचे. बाई वाईट नाही. देव उन्हात बसतो याचं तिला खरंच वाईट वाटत होतं.

रविवारी ती गवंड्याला घेऊनच आली. माणसं जमली. तेवढ्यात केराबाई घरातून निघाली. काखेत मळक्या चादरी, हातात बादली. माझ्यासमोर उभी राहून तिने हात जोडले.

"देव असलास तर मळ काढनं तुजं काम हाय," ती म्हणाली. "नसलास तर माजं. दोगं मिळून करू."

आणि ओतली की बादली माझ्या डोक्यावर! कुंकू वाहून गेलं, चादर धाडकन पाठीवर बसली. किती दिवसांनी मला मी असल्यासारखं वाटलं. फेसाचं पाणी पाटात उतरलं. पहिली बादली मातीनेच पिऊन टाकली, दुसरी अळूपर्यंत पोचली. गोजरबाई त्या पाण्यामागे चालत गेली, केळीपर्यंत, तिथून लिंबापर्यंत. इतक्या रविवारांत बाग तिने पहिल्यांदाच पाहिली. करपलेलं पान हातात घेऊन ती मागे वळली.

"केराबाई, ह्ये आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"माजा तरी कुटं धीर हुत हुता, आक्का."

गवंडी आल्या पावली परत गेला. पुढच्या रविवारी गोजरबाई आली ती काखेत सतरंजी आणि कमरेवर घरच्या पाण्याची कळशी घेऊन. आमच्या गावात माणूस घरातली कळशी दुसऱ्याच्या झाडाला देतो, याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

आता रविवारी रांग लागते ती धुण्याची. मायाप्पा पाट वळवतो, सुकन्या लोकांना झाडं दाखवते. अळूने मान वर केली आहे, केळीला नवा कोंब फुटलाय.

तुम्हीही या. येताना नारळ नको, हार नको. घरातली सगळ्यांत मळकी चादर आणा, जमलं तर कळशीभर पाणी आणा. आणि बिनधास्त माझ्यावर आपटा.