तानुबाईनं फोडलेली भिंत

शालिकरामनं बांधलेलं घर म्हणजे पंचक्रोशीतलं पक्क्या विटांचं पहिलं घर. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता, आणि पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना कधी नव्हता तो भाव आला होता. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नव्हती. शालिकरामनं जुन्या गावठाणातलं मातीचं घर सोडलं आणि उतारावर, वावराला लागून, हे नवं घर उठवलं.

दुसऱ्याच वर्षी भिंती रडायला लागल्या. आधी जमिनीजवळ काळपट डाग दिसले, मग ते गुडघ्यापर्यंत चढले आणि पावसाळा सरेस्तोवर कंबरेला आले. डागाच्या वरच्या काठावर मिठासारखी पांढरी बुरशी धरायची. हात लावला की चुना भसकन खाली यायचा. माजघरात रचलेल्या कापसाचा भिंतीकडचा थर पिवळा पडून कुजला. शालिकरामची बायको रुख्मिणी पोटुशी होती. त्या कुबट वासानं तिला अन्न जात नव्हतं.

ज्या गवंड्यानं घर बांधलं होतं, त्या भगवंतनं येऊन दोनदा नवा जाड गिलावा केला. दोन्ही वेळा ओल त्याच्या मागून वर चढली आणि आधीपेक्षा वीतभर उंच निघाली.

तेव्हा शालिकरामचे चुलते नत्थुजी एका सकाळी ओसरीवर येऊन बसले. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ते बोलले.

“वास्तुशांतीले तानू सगळ्यांच्या आंधी घरात शिरली होती. रांडाव बाईचं पाऊल हाय ते. घराले लागलं. तिले रिद्धपुरले धाडून दे. मठात राहीन, देवाचं नाव घेईन. तिचंबी भलं, तुहंबी भलं.”

तानुबाई ही शालिकरामची थोरली बहीण. नवरा पटकीनं गेल्यावर ती माहेरी आली होती. नत्थुजींनी तिचा पाट लावून द्यायचं ठरवलं, तेव्हा तिनं समोर उभं राहून नाही म्हटलं होतं. तो राग त्यांच्या मनात अजून होता. शालिकराम मान खाली घालून बसला. तो काही बोलत नाही हे तानुबाईनं दारातून पाहिलं आणि तिला ते नत्थुजींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ती बाहेर आली. “काकाजी, मी रिद्धपुरले गेली आन् भिंत तशीच राह्यली, तं मंग कोनाले काढसान? रुख्मिणीले?”

“तोंड सांभाळून बोल.”

“मी तं सांभाळूनच बोलून राहिली. मी कोठीच जात नाई. भिंतीले काय झालं ते आंधी पायतो.”

नत्थुजी उठून गेले. तानुबाईनं गोठ्यातून टिकाव आणला आणि माजघराच्या भिंतीवर घातला.

शालिकराम धावत आला. “बाई, काय करून राहिली तू? आंधीच इथंसा माहा कापूस गेला!”

“मले काढाच्या आंधी पाय तरी, तुह्या घराले काय झालं ते.”

गिलाव्याचा मोठा पोपडा निघाला. खालच्या विटा ओल्या होत्या, बोटानं उकरल्या तर भुगा हाती यायचा. डागाच्या वरच्या विटा मात्र कोरड्या ठणठणीत होत्या. तिनं त्याला वर पाहायला लावलं. कवेलूंखालचे वासे कोरडे होते, पावसाची ओल असती तर वरून खाली आली असती. शिवाय माजघराची ही भिंत घराच्या मधोमध होती, तिला पाऊस कधी लागलाच नव्हता. तिनं पांढरी बुरशी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि भावाला म्हटलं, “चाखून पाय.”

त्यानं चाखली. खारट. त्यांच्या विहिरीच्या पाण्याची चव. पूर्णेकाठची ती जमीनच खारी. तिथलं पाणी गुरंसुद्धा नाइलाजानं प्यायची.

मग ती त्याला घराबाहेर घेऊन गेली. गाड्या दारापर्यंत याव्यात म्हणून त्यानं अंगणात मातीची भर घातली होती, ती घरातल्या जमिनीपेक्षा उंच झाली होती आणि भिंतीला चिकटून होती. तानुबाईनं तिथं हातभर खणलं. खालची माती भर उन्हाळ्यात ओली निघाली, आणि तिच्याखाली भिंतीच्या पायाशीही विटाच होत्या.

“पायव्यात दगड कोठी हाय?” तिनं विचारलं.

उत्तर भगवंतनं दिलं, बोलावणं गेल्यावर तो दुपारी आला तेव्हा. तो काही लपवणारा माणूस नव्हता. “दगड बार्शीटाकळीकडून आनाचा होता. शालिकरामनं गाड्या देल्ल्या नाई. कापूस धाडाचा होता. मी म्हनलं, बरं, विटा घालतो. त्या विटाबी इथल्याच मातीच्या, इथल्याच पान्यानं थापेल. वीट पानी पेते, बाई. दिव्याच्या वातीसारखं वर चढवते. मी वरून चुना लावत गेलो. तिथंसा चुकलं.”

“मंग आता दगड घाल.”

“उभ्या भिंतीखाली?” भगवंत हसला, पण तिच्याकडे पाहून थांबला. भिंतीच्या कडेनं तो एक फेरी मारून आला. “होते. पन एकदम नाई. हातभर विटा काढाच्या, काळा दगड चुन्यात बसवाचा, मंग थोडी भिंत सोडून पुढचा तुकडा घ्याचा. आंधीचा चुना धरल्याशिवाय त्याच्या बाजूले हात लावाचा नाई. वरच्या भिंतीले लाकडी बल्ल्यांचा टेकू. काळा दगड पानी वर जाऊ देत नाई. पावसाच्या आंधी उरकलं पायजे.”

“कापूस गेला की पाहू,” शालिकराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या कापूस भरून दारात उभ्या होत्या. तानुबाईनं मागच्या गाडीच्या जुवाच्या शिवळा काढल्या, बैल मोकळे केले आणि शिवळा हातात धरून उभी राहिली.

“एक गाडी कापसाची, एक दगडाची,” ती म्हणाली.

“बाई, भाव उतरला तं?”

“उतरू दे. भिंत उतरली तं तिच्याखाली तुही बायको हाय.”

“शिवळा दे.”

“नाई देत. गाडी खाली कर.”

रुख्मिणी दारात आली होती. नवऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे. ती पायऱ्या उतरली, गाडीवर चढता येईना तेव्हा खालूनच कापसाचा एक गठ्ठा धरून ओढायला लागली. शालिकरामनं तो तिच्या हातून काढून घेतला आणि मग बाकीचे गठ्ठे स्वतःच उतरवू लागला.

दगड आणायला तानुबाई भगवंतबरोबर बार्शीटाकळीकडे स्वतः गेली. बाईमाणूस खदानीवर गेल्याची चर्चा गावात चार दिवस पुरली. तिनं प्रत्येक दगड फिरवून पाहिला, भेग असेल तो बाजूला टाकला.

कामाला लागल्यावर पहिल्यांदा अंगणातली भर उपसली आणि भिंतीलगत चर खणून त्यात मुरूम भरला, पाणी घरापासून लांब वाहावं असा उतार दिला. चुन्याला विहिरीचं पाणी तानुबाईनं लावू दिलं नाही. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं गोडं पाणी ती आणि जुन्या गावठाणात राहणारी रुख्मिणीची धाकटी जाऊ जमुना डोक्यावरून आणत.

अर्धी भिंत झाल्यावर वरच्या गिलाव्याला भेग गेली. नत्थुजी आले, मागून गाव आलं.

“घर पाडून राहिली ही. बंद करा,” ते म्हणाले. भगवंतची माणसं बाजूला सरली.

भगवंत भेगेपर्यंत चढला, ती निरखून पाहिली आणि तिच्यावर आडवा चुन्याचा एक ठिपका चिकटवला. “भेग हालून राहिली असन तं हा ठिपका फाटन. उद्यापावतर पाहू.”

“पाहू,” तानुबाई म्हणाली. ती आत गेली, त्याच भिंतीखाली सूप घेऊन बसली आणि तूर निवडायला लागली. शालिकरामनं तिला उठायला सांगितलं. ती उठली नाही. सुपातली तूर तिला धड दिसत नव्हती, पण दारातली माणसं पांगेपर्यंत ती तिथून हलली नाही.

सकाळी ठिपका अखंड होता. माणसं कामाला आली. मृग लागायच्या आत शेवटचा दगड बसला.

भिंत काही लगेच वाळली नाही. आतलं पाणी उडायला वेळ लागतो असं भगवंतनं बजावलं होतं, म्हणून सबंध पावसाळा आणि पुढचा हिवाळा भिंती उघड्या विटांच्या राहिल्या. मीठ वर येई ते तानुबाई कोरड्या केरसुणीनं झाडून घराबाहेर टाकी, पाणी लावू देत नसे. दिवाळीनंतर मीठ कमी झालं. माघात विटेला हात लावला तर ती कोरडी लागायची. मग पातळ चुन्याचा गिलावा झाला आणि ओल परत चढली नाही. न्हाणीलगतचा एक कोपरा मात्र हट्टी निघाला. तिथं तानुबाईनं गिलावा होऊ दिला नाही.

नत्थुजी घर पाहायला आले. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, “देवानं मनावर घेतलं.”

“देवानं दगड उचलले असते तं माही कंबर वाचली असती,” तानुबाई म्हणाली. नत्थुजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. रिद्धपूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि चुकलं असंही कधी म्हटलं नाही.

त्या रात्री शालिकराम जेवताना म्हणाला, “बाई, मी तवा बोलाले पायजे होतं.”

“पायजे होतं,” ती म्हणाली आणि त्याला भाकर वाढली.

रुख्मिणीच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला पाहुणे आले तेव्हा एका बाईनं उघड्या विटांच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सारवासारव करायला शालिकरामनं तोंड उघडलं. तानुबाई पुरणाचं ताट घेऊन मध्ये उभी होती.

“ओल हाय तिथं,” ती म्हणाली. “वाळून राहिली. पुरन घेता का?”