काका कोणत्या चौकोनात

गोधड्यांच्या प्रदर्शनाच्या अर्जावर चार चौकोन होते: हातशिलाई; मशीन स्थिर, कापड हलतं; कापड स्थिर, मशीन हलतं; आणि संगणकाच्या सूचनेवर चालणारं मशीन. एकावर खूण नसेल तर गोधडी टांगली जाणार नव्हती.

मावशीने दुसऱ्यावर खूण केली आणि प्रामाणिकपणे खाली लिहिलं, ‘मनगट मोडल्यामुळे अर्धं कापड यजमानांनी सरकवलं.’ तेच नडलं. समितीने मावशी, काका आणि मी अशा आम्हा तिघांना बोलावलं.

“कापड सरकवणारा आणि शिवणारा एकच हवा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “नियम आठ.”

“मग आम्ही जायचं कुठे?” मावशीने विचारलं. गोधडीला दोन वर्षं लागली होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिवण कायमची बंद सांगितली होती. पुढच्या वर्षी आणायला दुसरी नव्हती.

मी म्हटलं, “गती सापेक्ष असते. सुई हलली की कापड, टाक्याला कळत नाही.”

“टाक्याला नाही कळलं तरी चालेल. समितीला कळायला हवं.” त्या काकांकडे वळल्या. “तुम्ही आपल्या मनाने सरकवत होतात?”

“छे हो! ही म्हणाली डावीकडे, की डावीकडे. थांबा म्हणाली, की थांबायचं.”

“स्वतः काही ठरवलंत?”

“लग्नानंतर नाही.”

अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे सूचनेबरहुकूम चालणारी यंत्रणा. चौथा चौकोन!”

“अहो बाई, ते कसले संगणक?” मावशी म्हणाली. “एकदा सांगितलेलं यांच्या लक्षात राहत नाही.”

“स्मरणशक्तीची अट नियमात नाही.”

चौथ्या वर्गासाठी पुरवणी अर्ज होता. ‘निर्मितीचं वर्ष’ यापुढे काकांनी जन्मसाल लिहिलं. ‘आवाज करते का?’ यापुढे मावशीने ‘झोपेत’ लिहिलं. शिक्का बसला.

प्रदर्शनात आमच्या दोन्ही बाजूंना मोजूनमापून घातलेल्या टाक्यांच्या गोधड्या होत्या. परीक्षकांचा शेरा आमच्या गोधडीला टाचला होता: ‘रंगसंगती उत्तम. उजव्या कोपऱ्यात टाके वाकडे. यंत्राची वेळेवर दुरुस्ती करून घ्यावी.’

“तिथे मला शिंक आली होती,” काका पडेल आवाजात म्हणाले.

मावशीचं लक्ष नव्हतं. घरात एवढी मोठी भिंतच नाही. गोधडी तिने आजवर घडी-घडीनेच पाहिली होती. ती एकेक पाऊल मागे जात राहिली, पाठ समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. मग तिने चष्मा पुसला.

“अहो, बाजूला व्हा ना,” ती म्हणाली. “मधे येताय.”