व्याह्यांना दिलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय, पण हळू. मी याच घरात आहे हे साळूबाईला कळता कामा नये.

देवळाली प्रवराच्या पुंजारामांनी सनगराच्या मागे लागून मला विणून घेतलं, काळ्याभोर लोकरीची. त्यांच्या बायकोनं, साळूबाईनं, काठाला लाल गोंडे लावले. मुलगा गोरक्ष आयर्लंडात, कॉर्क शहरात डॉक्टर. तिथलीच मुलगी बघून त्यानं लग्न परस्पर उरकलं होतं. व्याहीभेट तेवढी राहिली, म्हणून एकाहत्तर साली पुंजाराम मला घेऊन विमानात चढले.

विमानतळावर गाडी येईल, असं गोरक्षनं कळवलं होतं. आता नुसती गाडी कशी येईल? पहिल्यांदा येणाऱ्या व्याह्याला सामोरं यायला मुलीचा बापच येणार, हे पुंजारामांनी गृहीतच धरलं. दारात पिकल्या केसांचा एक माणूस त्यांचं नाव वेडंवाकडं उच्चारत उभा होता. पुंजारामांनी त्याला कडकडून मिठी मारली आणि मला त्याच्या खांद्यावर घातलं. तो गोंधळला, मग हसला. माणूस भला होता. त्यानं मला उतरवलं नाही.

गोरक्ष संध्याकाळी यायचा होता, तोवर या माणसानं पुंजारामांना शहर हिंडवलं. नदी तिथं शहराच्या दोन्ही अंगांनी वाहते. टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये पाहुण्यांना घंटेचा दोर ओढू देतात. पुंजारामांनी चपला बाहेर काढल्या, दोर ओढला, हात जोडले. त्यानंही टोपी काढली. एकाला दुसऱ्याचं अवाक्षर कळत नव्हतं, पण कुणाचं काही अडलं नाही.

संध्याकाळी हॉटेलात गोरक्ष एकटाच आला. त्या माणसाच्या खांद्यावर मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"दादा, हा भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आहे."

"मग इवाई कुठं हायेत?"

वडील आलेत हे गोरक्षनं सासरी सांगितलंच नव्हतं. धोतरातला बाप त्यांच्यापुढे न्यायची त्याला लाज वाटत होती. त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावरून मला ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे त्यांच्याजवळ," पुंजाराम म्हणाले. "भाड्याचा का असंना, सामोरा तोच आला."

गोरक्षनं ऐकलं नाही. मेंढराचा वास येतो म्हणत त्यानं मला पुंजारामांच्या बॅगेच्या तळाशी कोंबलं. शिकून एवढा मोठा झाला, पण बापाची मिठी कुणाला पावली, हे त्याला कळलं नाही.

घरी परतल्यावर ओट्यावर माणसं जमली. व्याही गाडी घेऊन सामोरे आले, शहर दाखवलं, देवापुढे टोपी काढून शेजारी उभे राहिले, असं पुंजाराम सांगत होते. सांगताना त्यांचा आवाज कुठेच अडखळला नाही.

"घोंगडी आवडली का वो त्यास्नी?" साळूबाईनं विचारलं.

"लई. खांद्यावरनं उतरवंनात."

तेव्हापासून पुंजारामांनी मला कणगीमागच्या पोत्यात दडवलंय. कसर लागलीय, गोंडे झडलेत. साळूबाई पलीकडे विरलेली वाकळ पांघरून कुडकुडते आणि माझी ऊब इथं कुजते.

काल ती सनगराकडे जाऊन आली. इवायाला एवढी आवडली, तर इहीणबाईला का नको, म्हणून दुसरी घोंगडी विणायला टाकलीय. पुंजाराम बरं म्हणाले आणि कणगीजवळ येऊन बसून राहिले.

माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पण त्या सनगराचा माग कुणीतरी थांबवा.