यजमान देशाचा क्रमांक

“सातव्यावरून थेट एकतिसावा? साहेब, आठ दिवसांत एवढं काय सुधारलं तिथं?”

“काही नाही. यादीचा प्रकाशन समारंभ तिथं ठरलाय.” साहेब चष्मा पुसत म्हणाले, “ज्याच्या घरी जेवायचं, त्याच्या भिंतीची ओल दाखवायची नसते, बाई.”

येत्या वर्षात कुठल्या देशात माणसं घाऊक कापली जातील, याचे क्रमांक लावणं हे त्या कार्यालयाचं काम. आकडेबाईंचे केस तिथंच पांढरे झाले होते. यजमानाला मागच्या रांगेत बसवायची रीत त्यांना नवी नव्हती. मागे दोनदा त्यांनी स्वतःच्या हातानं तसं केलं होतं, आणि समारंभातलं जेवणही उत्तम होतं. पण यंदाच्या यजमान देशात त्यांचा धाकटा भाऊ राहत होता, बायको आणि दोन मुलींसकट. देवाधर्माला न मानणाऱ्या या भावाची ताईच्या यादीवर मात्र श्रद्धा. “पहिल्या दहात आलो की सामान बांधतो,” असं त्यानं केव्हाच सांगून ठेवलं होतं.

दुपारी जिन्यात उभं राहून त्यांनी फोन लावला.

“बोल ताई! कितवा नंबर आमचा?”

“ते राहू दे. रेडिओवर तिथल्या आपल्या लोकांना हल्ली काय म्हणतात?”

“वाळवी. अगं, विनोदी कार्यक्रम असतो तो. आम्हीपण हसतो.”

“आणि शेजारी?”

“तेपण हसतात. जरा जास्त वेळ हसतात, एवढंच.”

“घरावर कुणी खुणाबिणा केल्यात?”

“पाणीखात्याची माणसं दारांना रंग लावून गेली परवा. नळदुरुस्ती आहे म्हणे.”

“सगळ्यांच्या दारांना?”

“नाही गं... आमच्याच.”

“नळ बिघडलेत?”

तो उसनं हसला. “तू ना, लग्नाच्या मांडवातही तेरावं शोधशील. नंबर सांग बघू. पोरींच्या परीक्षा तोंडावर आल्यात, उगीच धावाधाव नको.”

आकडेबाईंनी आयुष्यात खोटा आकडा सांगितला होता तो साहेबांच्या सांगण्यावरून. आज त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं सांगितला.

“पहिला.”

“चेष्टा करतेस?”

“पहिला म्हटलं ना.”

फोन चालूच राहिला. पलीकडून त्याचा आवाज येत होता, बायकोला हाक मारणारा, मुद्दाम सावकाश, रोजच्यासारखा.

“अगं, पोरींना शाळेतून घेऊन ये. हो, आत्ताच. आणि दप्तरं राहू देत तिथं.”